चवरीतली आयाळ

एका राज्यात जे अघटित घडलं, त्याचा दोष राजा उग्रायुधाचा. दुसऱ्या कुणाचा नाही. खिंडीच्या राखणदार सिंहाची आयाळ त्यानेच कापवली. का, तर डोक्यावर ढाळायला सोनेरी चवरी हवी. “आयाळ म्हणजे नुसता थाट,” राजा म्हणाला, आणि दरबारातल्या पिकल्या मिशा खाली-वर हलल्या.

दुसऱ्याच दिवशी राज्यावर टपलेला काळा सिंह खिंडीत आला. आजवर त्याच्या जबड्यात राखणदाराचे केसच यायचे. या खेपेला गळा आला. राखणदार कोसळला आणि दगड होता होता बोलला, “राजा, माझी जखम मिटेपर्यंत तुझ्या राज्यातलं एकही दार मिटणार नाही.”

तसंच झालं. कड्या लागेनात, फळ्या जुळेनात. काळा सिंह भर दुपारी हव्या त्या घरात शिरे, हवं ते माणूस उचलून नेई. दरबाराने यज्ञ मांडला, यज्ञाचं जेवण जेवला आणि झोपला.

राजाची एकुलती एक मुलगी कुवलया, आश्रमातली विद्या अर्ध्यावर टाकून आलेली. ती खिंडीत गेली. दगडी सिंहाच्या डोक्यावर टिटवी बसली होती.

“उपाय सांग.”

“कामं तीन. ज्याने आयाळ कापवली, त्याच्याच हातून ती परत घे. तिचा पट्टा विणून स्वतःच्या गळ्यात घाल. मग काळ्याचा चावा झेल.”

“आणि मेले तर?”

“तर सिंहाच्या गळ्यात पट्टा कोण बांधणार?”

कुवलया दरबारात आली. “तात, चवरी द्या.”

“चवरीवाचून राजा? लोक काय म्हणतील?”

“लोक उरले तर म्हणतील ना!”

राजाने चवरी दिली. एक बट मात्र हळूच मुकुटाच्या अस्तरात सरकवली.

“सगळी आहे?”

“राजाचा शब्द आहे, पोरी.”

तिने पट्टा विणला. डाव्या कानाखाली तो बोटभर अपुरा पडला. आपलंच विणकाम कच्चं, असं तिला वाटलं. उसवायला सवड नव्हती. खालच्या आळीत किंकाळी उठली होती. ती तिकडे धावली.

काळ्याने झेप घेतली. दात आयाळीत रुतले, केसांत गुरफटले. जबडा ना मिटे ना उघडे. एकच सुळा त्या बोटभर फटीतून आत गेला. कुवलया जागची हलली नाही. तिने कट्यार मुठीपर्यंत खुपसली, आणि काळ्या सिंहाची राख झाली.

ती खिंडीत आली, मागोमाग सगळा दरबार. तिने पट्टा दगडी सिंहाला बांधला. दगड दगडच राहिला.

“एक बट कमी आहे,” टिटवी म्हणाली.

कुवलयाने तोंड उघडलं. रक्त आलं, शब्द आला नाही. मंत्र्यांच्या आड उभ्या असलेल्या बापापुढे तिने नुसता हात पसरला. उग्रायुधाने मुकुट उतरवला, अस्तर फाडलं आणि स्वतःच्या हाताने बट पट्ट्यात खोवली.

सिंह उठला. त्याने मान झटकली. राज्यातली सगळी दारं एका दमात धाडकन मिटली. लोकांनी मुकुट कुवलयाच्या डोक्यावर ठेवला. चवरी कुणी ढाळली नाही.

तिची जखम भरली, आवाज परतला नाही. उग्रायुधाला पुन्हा कुणी ‘तात’ म्हटलं नाही.