दुग्धाहारी बुवांची साधी गाठ

"साधी? माझ्या अन्ननलिकेतली गाठ, आणि तो डॉक्टर म्हणतो साधी?"

दुग्धाहारी बुवांनी उपरणं असं झटकलं, की मठाच्या ओसरीवरचं मांजर उठून लांब जाऊन बसलं.

त्यांचे गुरू गोरक्षनाथबाबा मोड आलेले वाल सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कॅन्सर नाही ना?"

"नाही."

"मग पेढे आण."

"बाबा!"

आता बुवांचं दुखणं ऐका. तीन वर्षांपूर्वी त्यांचा घास छातीत अडकू लागला. भाकरी जाईना, भात जाईना, जायचं ते फक्त दूध. गावाला वाटलं, बुवांनी अन्न सोडलं! पाया पडायला रांग लागली. बुवांनी "तसं नाही हो" म्हणायला तोंड उघडलं होतं म्हणे. पण तेवढ्यात कुणीतरी गळ्यात हार घातला आणि ते तोंड मिटलं ते मिटलंच.

गेल्या महिन्यात दूधही अडकू लागलं. तेव्हा बुवा गुपचूप शहरात जाऊन दुर्बिणीची तपासणी करून आले.

"नळीच्या स्नायूत वाढलीय. हजारोंत एखाद्यालाच होते." इथे बुवांची छाती जरा फुगली. "आणि वर म्हणतो, निरुपद्रवी! तीन वर्षं उपाशी मारलं तिनं मला, आणि निरुपद्रवी?"

"उपाय काय?"

"छातीला बारीक भोकं पाडायची. वरचा स्नायू चिरून गाठ अख्खी सोडवून घ्यायची. आतल्या अस्तराला धक्का लागू द्यायचा नाही."

बाबांनी वालाच्या सालीला नख लावलं, बोटांत दाबलं. टुणकन दाणा बाहेर.

"असं?"

"माझा जीव चाललाय आणि तुम्हाला बिरड्याचं पडलंय!"

"मग घे काढून."

"आणि महिन्याभरात भाकरी खाऊ? दर सोमवारी दोनशे माणसं दर्शनाला येतात. त्यांनी पाहिलं तर खोटारडा म्हणतील मला!"

"बरोबर म्हणतील."

बुवा लालबुंद झाले.

"ते काही नाही. ऑपरेशन करू नकोस, अशी आज्ञा द्या. म्हणजे डॉक्टरला सांगायला बरं."

"आज्ञा हवी तर आधी माझ्या हातचा घास घ्यायचा. मठाची रीत आहे. तीन वर्षं व्रताच्या नावाखाली चुकवतोयस."

बाबांनी शेजारच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि पुढे धरला.

बुवांनी रागारागानं तो तोंडात टाकला. चावता चावता राग कुठे गेला कळेना. डोळे मिटले. किती दिवसांनी...

गिळला. अडकला.

बुवा छाती धरून वाकले, डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी घास होता तसा वाटीत परत आला.

डोळे पुसून पाहतात तो बाबा त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पालथे.

"धन्य! काय हे व्रत! केवढा हा त्याग!"

"पाया कसले पडताय!" बुवा किंचाळले. "भूक लागलीय मला! तीन वर्षं भूक लागलीय!"

बाबा सावकाश उठून बसले.

"सोमवारी याहून मोठ्यानं ओरड. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."