एकोणीस वेळा नाही

“आणखी मऊ म्हणजे किती मऊ, पोरी?”

दस्तगीरचाचांनी विचारलं आणि तंबोरा मांडीवर आडवा घेतला. शलाकाकडे उत्तर तयार होतं. पुण्याहून मिरजेपर्यंत ती तेच तर घोळवत आली होती.

“इतका, की ऐकणाऱ्याला ओरखडासुद्धा उठू नये. जवारी बंद करून द्या, चाचा. या तंबोऱ्याची धार माझ्या गाण्यात घुसते आहे.”

हा तंबोरा चाचांनीच घडवलेला, शलाका सोळा वर्षांची असताना. आता ती चाळिशीला टेकली होती आणि चाचा ऐंशीच्या पुढे गेले होते. जवारी म्हणजे घोडीवर, तारांखालच्या आडव्या पट्टीवर, टेकलेल्या तारेला येणारी झणझण. घोडी कानशीने घासून ती उघडी ठेवायची की मिटवायची, हा सगळा चाचांच्या हाताचा खेळ. मोठमोठे गवई त्यांच्या दुकानात येऊन मुकाट्याने जमिनीवर बसायचे, यातच काय ते आलं.

“कसलं गाणं?” चाचांनी विचारलं.

तिने सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी पिंपरीत चार पोरांचा एक बँड होता. चौघांचे बाप एकाच कारखान्यात, आणि त्या कारखान्याला टाळं लागलेलं. पोरं विलायती कॅसेटी ऐकून गिटार शिकली आणि मराठीत ओरडली. ओरडणारा मुख्य पोरगा सॅम्युअल रणदिवे. आता साठी ओलांडलेला. घशाचं ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. जे बोलायचं ते कागदावर लिहितो.

त्या बँडची आठ गाणी शलाकाने संथ लयीत बसवली होती. तंबोरा, सारंगी, बस्स. लोकांनी डोक्यावर घेतली. काट्यांची मखमल केली बाईंनी, असं कुणीतरी छापूनही आणलं. शलाकाला ते पटलं होतं, जरा जास्तच पटलं होतं.

रणदिव्यांना सात गाणी आवडली. आठव्या गाण्याचं नाव ‘नाही’. टाळं लागलं त्या दिवशी रणदिव्यांनी ते लिहिलं होतं. शलाकाने गायलेलं ते ऐकून त्यांनी चिठ्ठी धाडली... गोड आहे. पण यात मी कुठे आहे?

“रविवारी कार्यक्रम आहे,” शलाका म्हणाली. “ते पहिल्या रांगेत बसणार. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी ते गाणं गाणार नाही. आणि ते गाणं नसेल तर बाकीची गाऊन काय करू?”

“त्याचं ऐकव आधी.”

तिने फोनवर लावलं. पत्र्यावर खिळा ओढावा तशी गिटार, मागे ढोल बडवल्यासारखा ड्रम, आणि वर एका पोराचा फाटका, उघडा आवाज. छताला टांगलेले भोपळे घुमायला लागले. शलाका ओशाळून चाचांकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे...

चाचांनी डोळे मिटले होते. गाणं संपलं तरी उघडले नाहीत.

“परत लाव.”

तिने परत लावलं.

“काय गातोय हा माणूस,” चाचा हळूच म्हणाले.

“गातोय?”

“मग? वरडताना एकदा तरी सूर सोडला का बघ की. एवढ्या जीवानिशी म्हणायचं आन् जागेवर ऱ्हायचं, लई अवघड आहे ते.”

मग शलाकाने आपलं ऐकवलं. डोळे मिटून, हात हलवत, छान गायली. तिचा आवाज खरोखरच गोड होता, त्यात वाद नव्हता. चाचा कानशीवरचा भुसा बोटाने पुसत होते.

“शेवटाला तो किती वेळा नाही म्हणतोय?”

“एकोणीस.”

“आणि तू?”

“चार.”

“बाकीचे पंधरा कुठं गेले?”

“इतक्या संथ गाण्यात ते बोचतात, चाचा. तिथे मी आलाप घेतलाय.”

चाचांनी तंबोऱ्याची तार छेडली आणि कान लावला. मग तिच्याकडे वळून बघितलं.

“तुझी पट्टी काळी चार. हा तंबोरा खाली काळी तीनवर कसा?”

वीस वर्षं गाणाऱ्या बाईने जे करू नये ते तिने केलं होतं, आणि ते लपवताही येत नव्हतं.

“मीच उतरवला. तारा थोड्या सैल सोडल्या की आवाज निवांत होतो, म्हणून...”

“निवांत न्हाई झाला, पोरी. झोपलाय.”

ते हसले नाहीत म्हणून ती वाचली. त्यांनी तारा सोडल्या, घोडी मोकळी केली आणि कानस हातात घेतली. तासभर एकच चाललं होतं. घासायचं, फुंकर मारायची, तार टेकवून ऐकायची, पुन्हा घासायचं. ते सुरकुतलेले हात इतक्या ठाम हलक्या चालीने फिरत होते, की बघता बघता शलाका रणदिव्यांची चिठ्ठी, रविवार, सगळं विसरली. अशी माणसं आपल्या वाट्याला आली, हे केवढं नशीब, असं तिला वाटून गेलं.

चाचांनी तारा परत चढवल्या. काळी चारला नेऊन ठेवल्या, तसूभरही खाली नाही. तारांखाली जवारी जुळवायचा दोरा सरकवला आणि छेडलं.

झणझण पार मिटली होती. दुधावर साय धरावी तसा सूर जमून आला. इतका मऊ तंबोरा तिने जन्मात ऐकला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

“झाला मऊ?” चाचांनी विचारलं.

“झाला.”

“तारेवर बोट ठेव. दाब.”

तिने दाबली. तार हलेना. बोटाच्या पेराला खोल वळ उठला तरी हलेना.

“सैल हाय का कुठं?”

“नाही.”

“काय म्हणालीस?”

“नाही.”

“आता सुरात म्हण.”

शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं...

चाचा तंबोरा छेडत राहिले. तिने सूर लावला. आवाज चढवला नाही, आलाप घेतला नाही, डोळेही मिटले नाहीत. पाळण्यातल्या पोराजवळ बोलावं इतक्या हळू ती ‘नाही’ म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. सहाव्याला तिचा हलता हात आपोआप मांडीवर टेकला. अकराव्याला तिला कारखान्याच्या बंद फाटकापाशी उभी असलेली ती चार पोरं दिसली, आणि त्यानंतर ती कुणाला रिझवण्यासाठी गात नव्हती. एकोणिसावा ‘नाही’ जेमतेम ऐकू आला, पण त्याला कुठे चीर नव्हती.

चाचांचा हात थांबला. तार मात्र बराच वेळ बोलत राहिली.

शलाकाने पदराने तोंड पुसलं. वळ उठलेलं बोट मुठीत धरून तिने भीत भीत विचारलं,

“चाचा... आता रणदिवे हो म्हणतील?”

चाचांनी तंबोऱ्यावर खोळ चढवली. नाडी बांधली. तंबोरा तिच्या हातात दिला.

“एकोणीस वेळा नाही म्हणालीस न्हवं आत्ता? ... मग हो कुणाला मागतीस?”