डोक्यावरचं ढेकूळ

फार पूर्वी, गोऱ्या साहेबाचं राज्य नवंनवं असताना, एका गावात एक इनामदार होता. तेव्हा चावडीत कोण कुठे बसणार, हे जमिनीवरून ठरायचं. जास्त जमीनवाला लोडाला टेकून, थोडकी असलेला घोंगडीवर आणि काहीच नसलेला वहाणांशेजारी. इनामदार अर्थातच लोडाला. गावची शीव राखणारा येसबा वहाणांशेजारी. सगळ्या हद्दी त्याला तोंडपाठ, पण वीतभर जमीन त्याची नव्हती.

एकदा साहेबाचा मोजणीदार साखळी घेऊन आला. कागदावर चढेल ती हद्द कायमची, हे कळताच इनामदाराच्या तोंडाला पाणी सुटलं. शेजारचं गायरानही आपलंच, असं त्याने ठोकून दिलं. आता गुरं चारायची कुठे? गाव हवालदिल झाला.

शेवटी जुन्या रीतीने निवाडा ठरला. येसबाने डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन, भुईची शपथ वाहून चालायचं. तो चालेल ती हद्द; खोटं चालेल त्याचा वंश भुई बुडवते, अशी समजूत होती.

इनामदाराने त्याला आधीच गाठलं. नांद्रुकीच्या झाडापाशी डावीकडे वळलास तर गायरानातला ओढ्याकाठचा तुकडा तुझा, मग घोंगडीवर बसशील, म्हणाला. दुसऱ्याची जमीन वाटताना हात किती सैल सुटतो बघा! खोटं कशाला सांगू, येसबाला मोह झाला.

ढेकूळ घेऊन तो निघाला. नांद्रुकीपाशी थांबला. बायाबापड्यांचा जीव टांगणीला लागला. ढेकळाची माती त्याच्या कपाळावर ओघळली. ती त्याने पुसली नाही, आणि तो उजवीकडे वळला.

हा वाट चुकला, म्हणून इनामदार खवळला. मोजणीदार शांतपणे म्हणाला, "मग पागोटं काढा, ढेकूळ घ्या आणि खरी वाट तुम्ही दाखवा."

इनामदाराचा हात पागोट्यापर्यंत गेला. पण चारचौघांत बोडकं कसं व्हायचं? आणि खोट्या वाटेवर माती डोक्यावर घ्यायला छातीच होईना. हात खाली आला.

"अरे, जमीन मिळत होती की तुला," तो पुटपुटला.

"तुमचीच नव्हती, धनी. मग माझी कशी झाली असती?" येसबा म्हणाला.

हद्दीचे दगड रोवले गेले. गुरं गायरानात सुटली आणि गावाने हुश्श केलं. दुसऱ्या दिवशी येसबा सवयीने वहाणांशेजारी बसायला गेला, तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सरकून त्याला घोंगडीवर जागा करून दिली.

तात्पर्य काय, तर जमीन कुणाच्याही नावावर चढते, पण तिची माती डोक्यावर घेऊन चालणं खऱ्या माणसालाच जमतं.