मडक्यांचा मळा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. पानोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं तरी तो म्हणतो, "माझा आजा सांगायचा, आन त्याला त्याचा आजा सांगायचा." म्हणजे एवढी जुनी. तेव्हाही पानोळी गाव ओढ्याच्या काठीच होतं आणि गावाच्या उशाला डोंगर होता, तो काही कुठं गेलेला नाही. पण गावाचा मान ओढ्यामुळं नव्हता आणि डोंगरामुळंही नव्हता. तो होता पानमळ्यामुळं.

पानोळीचं पान असं कोवळं, की तोंडात टाकलं आणि चावायचं राहून गेलं तरी चालायचं. पंचक्रोशीत कुठं लग्न ठरलं, की आधी पानोळीला निरोप जायचा आणि मग नवरीच्या मामाला. रुसून बसलेले व्याही पानोळीच्या विड्यावर हसायला लागत, असं म्हणतात. मळ्यात शेवरीची आणि पांगाऱ्याची सरळसोट झाडं रांगेनं उभी असत आणि प्रत्येक झाडावर एक वेल चढलेली असे. ती नागवेल. तिच्यापाशी जायचं तर वहाणा कुंपणाबाहेर काढायच्या, मग तो पाटील असो की पाहुणा. वैशाखात भुई तव्यासारखी तापली तरी अनवाणीच जायचं.

हा मळा गिरजाक्काच्या हातात होता. ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला चुलीआधी मळा दाखवला. पुढं सासरा गेला, नवराही तरणाताठा गेला, पोटी मूलबाळ नव्हतं. दीर बाळाप्पा शेतीवाडी आणि गुरंढोरं बघायचा आणि मळ्याचं सगळं गिरजाक्का बघायची. ती बोलायला फटकळ होती आणि हाताला हळवी होती. माणसांना ती टाकून बोलायची, पण वेलीला बांधताना गाठ कधी आवळून दिली नाही. मळा तिचा जीव होता, आणि हे ती कुणालाही तोंडावर सांगायची.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पानवेलीला पेरायला बी नसतं. वेलीचा तुकडा लावायचा, त्याचीच नवी वेल होते. ज्वारी बुडाली तर कणगीत चार मुठी बियाणं उरतं. पानवेली सगळ्या मेल्या तर मागं चिमूटभरही काही उरत नाही. वंशच संपतो.

लोकांना वाटतं, उन्हाळ्यात माळी झाडाखाली ताणून देत असेल. त्यांनी एकदा वैशाखात पानमळ्यात येऊन बघावं. तांबडं फुटायच्या आत पाणी द्यायचं, कारण उन्हं वर आल्यावर दिलेलं पाणी मुळं शिजवतं. वेलींभोवतीची आळी उकरून घ्यायची, त्यावर वाळला पाला अंथरायचा, कोवळ्या रोपांवर पळसाच्या डहाळ्यांची सावली करायची. आणि या सगळ्याहून मोठं काम म्हणजे उतरण. वर्षभर चढून उंच गेलेली वेल झाडावरून हलक्या हातानं सोडवायची, बुडाशी तिचं वेटोळं करायचं आणि ते मातीनं झाकून टाकायचं. शेंडा तेवढा बाहेर ठेवायचा आणि पुन्हा झाडाला बांधायचा. मग जमिनीतल्या वेटोळ्याला नवी मुळं फुटतात आणि म्हातारी वेल पुन्हा तरणी होते. शेंडा बाहेर ठेवायचा, हा नियम बापजाद्यांपासूनचा. शेंडा पुरला की वेल गुदमरते, असं सगळेच म्हणायचे. गिरजाक्काही म्हणायची.

मग तो उन्हाळा आला. पानोळीत अजून त्याला नुसतं "तो उन्हाळा" म्हणतात आणि पुढं कुणी काही सांगत नाही. पाडव्याला ओढा वाहायचा थांबला आणि चैत्र सरता सरता त्याच्या तळाला भेगा पडल्या. देवळाच्या पायरीचा दगड तडकला. कावळे बायकांच्या डोक्यावरच्या घागरीत चोची घालू लागले आणि बायका त्यांना हाकलेनात, असं म्हणतात. डोंगराच्या कपारीत करंगळीएवढ्या धारेचा एक झरा राहिला होता. त्यावर सगळं गाव तहान भागवत होतं.

गिरजाक्कानं नेहमीप्रमाणं उतरण केली. वेली उतरवल्या, वेटोळी पुरली, शेंडे बाहेर काढून बांधले. नियमात तसूभर चूक नव्हती. आणि अक्षय तृतीयेच्या दुपारी डोंगराकडून वारा सुटला. भट्टीचं दार उघडावं तसा तो आला. संध्याकाळी गिरजाक्का मळ्यात गेली तर एकूण एक शेंडा काळा पडला होता. बोट लावलं की चुरा होत होता.

बातमी कळली तसा बाळाप्पा आला. तो वहाणा घालूनच कुंपणाच्या आत शिरला. त्याच्या लेखी मळा संपला होता.

"वैनी, मळा गेला," तो म्हणाला. "आता मोडू या. हितं नांगर घालतो, पाऊस पडला की ज्वारी तरी यील."

गिरजाक्कानं त्याच्या पायांकडं पाहिलं. ती खाली बसली, हातानंच एका बुडाची माती उकरली. वरचा शेंडा कोळसा झाला होता, पण आतलं वेटोळं हिरवं होतं. शेंड्याकडून काळेपणा खाली उतरत चालला होता, एवढंच.

"भावजी, तुमी उन्हात जाताना डोस्क्याला काय बांधता?"

"पटका. दुसरं काय?"

"आन मी पदर घेती. समद्यांचं डोस्कं झाकलेलं. ह्या वेलीचंच डोस्कं तेवढं आपुन वैशाखात उघडं टाकतो. कुणी सांगितलं ते? सांगणाऱ्यानं असला वैशाख बघितला हुता का?"

"शेंडा पुरला की वेल गुदमरती, वैनी."

"गुदमरल न्हाईतर जगल. भाईर ऱ्हायली तर जळणारच हाय."

बाळाप्पा वाईट माणूस नव्हता. घरात खाणारी तोंडं होती आणि त्याला भीती वाटत होती. तो म्हणाला, "वैशाखाच्या अवसेपतूर थांबतो. अवसेला वेल दिसली न्हाई, तर नांगर."

"अवसेला वेल दिसली न्हाई, तर नांगराचे बैल मीच हाकीन," गिरजाक्का म्हणाली.

बोलून तर गेली, आणि घरी येऊन ती रडली. आपल्यामागं या गावात आपलं म्हणून काही राहणार असेल तर ती वेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्यावर बापजाद्यांच्या नियमाविरुद्ध माती लोटायची ती आपल्याच हातानं. पण दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती मळ्यात होती. जळालेला भाग कापला, हिरवं होतं तेवढं मातीखाली घेतलं, वर पाला घातला. झाकताना प्रत्येक वेलीवर क्षणभर स्वतःचा पदर धरला, म्हणजे माती ओढेपर्यंतसुद्धा ऊन लागायला नको.

राहिलं पाणी. झऱ्याची धार पाटात सोडली असती तर पहिल्या रांगेपर्यंतही पोचली नसती. गिरजाक्का गावात गेली आणि दारोदार उभी राहून म्हणाली, "तुमचं प्यायच्या पाण्याचं मडकं द्या."

ऐकणाऱ्यांनो, ती काय मागत होती ते बघा. मातीचं मडकं पाझरतं म्हणून त्यातलं पाणी गार होतं. भर वैशाखात गार पाण्याचं मडकं मागणं म्हणजे माणसाच्या डोक्यावरचं छप्पर मागण्यासारखंच. पण तिला तेच पाझरणारं मडकं हवं होतं. मडकं मुळाशी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकणी ठेवायची. पाणी थेंब थेंब पाझरून मुळापाशीच जातं, उन्हाला त्याचा वासही लागत नाही.

पहिल्या दारातल्या बाईनं मान फिरवली. दुसरीनं दार लोटलं. तिसऱ्या घरी एक बाळंतीण होती, कुंभाराची सून. तिनं मडक्यातलं पाणी तांब्याच्या हंड्यात ओतलं आणि मडकं गिरजाक्काच्या हातात दिलं. "माज्या लगनाचा इडा तुमच्याच मळ्यातला हुता, आक्का," ती म्हणाली. मग काय, बाळंतीण देते आणि आपण कसं नाही म्हणायचं? मागं फिरवलेल्या माना पुन्हा वळल्या. दिवस मावळेपर्यंत गावातलं प्रत्येक मडकं मळ्यात गेलं, आणि कुंभारानं आव्याच्या भट्टीतली नवी मडकीही आणून दिली. त्या उन्हाळ्यात सगळी पानोळी तांब्या-पितळेतलं कोमट पाणी प्याली.

खालच्या गावचे लोक कुंपणापाशी येऊन हसू लागले. आत एक हिरवं पान नव्हतं. निष्पर्ण झाडं, पाल्याचे ढीग आणि रांगेनं मातीच्या झाकण्या. "पानोळीकरांनी मडक्यांचा मळा लावलाय," ते म्हणायचे. "पीक आलं की आमच्याकडं माठ पाठवा." पानोळीकर ऐकून घ्यायचे आणि झऱ्याकडं चालू लागायचे. सकाळी पोरीबाळी पाणी आणायच्या, संध्याकाळी बाप्ये आणायचे.

गिरजाक्का मात्र रोज एक वेगळंच करायची. ती जमिनीवर आडवी व्हायची, तापलेल्या मातीला कान लावायची आणि वेल पाणी पिते का ते ऐकायची. "ही तान्हेली हाय, हितं घाला," म्हणायची, आणि झाकणी काढून बघावं तर तेच मडकं रिकामं निघायचं. एका बाजूचा तिचा कान उन्हानं सोलून निघाला होता. तिला खरंच ऐकू यायचं, असं म्हणतात. पानोळीत यावर शंका घेऊन बघा, रात्रीचं जेवण मिळायचं नाही.

दिवस गेले. खालच्या गावचा मळा जळाला, वरच्या गावचा जळाला. त्यांनी शेंडे बाहेर ठेवले होते. आणि इकडं मातीतून काहीच वर येईना. गिरजाक्का बोलायची कमी झाली. लोकांनी पाणी घालायचं थांबवलं नाही, पण तिच्याकडं बघायचं थांबवलं.

अमावास्येच्या सकाळी बाळाप्पा नांगर घेऊन आला. सगळं गाव बांधावर उभं होतं. गिरजाक्कानं पदर खोचला, कासरा हातात घेतला आणि बैल हाकले. बैल कुंपणाच्या खिंडीपर्यंत गेले आणि थांबले. तिनं हाक दिली, ते हलले नाहीत. तिनं चाबूक मारला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जनावरावर हात उचलला होता. बैलांनी नाकं जमिनीला लावली आणि फुसकारत एक पाऊल मागं घेतलं.

"सरा," बाळाप्पा चिडून म्हणाला, आणि बैलांना ओढायला वहाणांसकट आत गेला. तो दोन पावलं चालला असेल नसेल, आणि त्याच्या पायाशी टक् असा आवाज झाला. एका मडक्याची झाकणी आपोआप कलंडली होती. मडक्याच्या गळ्याला लागून तांबूस, कोवळा, ओला असा एक शेंडा वर आला होता. त्यानंच झाकणी ढकलली होती.

बाळाप्पा बघतच राहिला. तेवढ्यात पलीकडची झाकणी कलंडली. मग तिच्या पलीकडची. मग सगळ्या मळ्यात टक् टक् टक् सुरू झालं, या रांगेतून त्या रांगेत, पार ओढ्याच्या टोकापर्यंत, जणू कुणी हात फिरवत चाललं होतं. गाव श्वास धरून ऐकत होतं. एकही झाकणी जागेवर राहिली नाही, असं म्हणतात.

बाळाप्पानं तिथल्या तिथं वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि तापल्या भुईवरून अनवाणी बाहेर आला. कुंपणाबाहेर त्या ठेवल्या. मग वहिनीसमोर उभा राहिला. 

"नांगर घरी न्या, भावजी," गिरजाक्का म्हणाली. "आन येताना दोरा आना. समद्यास्नी बांधायला पायजे, येळ न्हाई."

हलगी वाजली. म्हातारे नाचले. ज्या बाईनं दार लोटलं होतं ती सगळ्यांत जास्त नाचली, आणि त्यावरून लोक तिला नातवंडं होईपर्यंत चिडवत होते. पाऊस यायच्या आत वेली कमरेएवढ्या चढल्या. त्या वर्षीचं पान एवढं रुंद झालं की एका पानात पाच जणांचे विडे झाले. आता हे जरा जास्तच वाटतं, पण पानोळीकर पाचाच्या खाली येत नाहीत.

पाऊस पडल्यावर खालच्या गावचे तेच लोक कुंपणापाशी आले. या वेळी ते हसत नव्हते. आसपासच्या कुठल्याच गावात वेलीचा तुकडा उरला नव्हता. बाळाप्पा म्हणाला, "त्यास्नी माठ देऊन पाठवू." गाव हसलं. गिरजाक्का हसली नाही. वंश संपायची भीती काय असते ते तिला कळलं होतं. तिनं प्रत्येक गावाला वेलीचे तुकडे दिले, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि बदल्यात काही घेतलं नाही. "शेंडा झाका," एवढंच सांगितलं. त्या तुकड्यांचे मळे झाले, त्या मळ्यांनी आणखी गावांना तुकडे दिले. जिच्या पोटी मूल नव्हतं तिचा वंश असा गावोगाव पसरला.

गिरजाक्का पुढं खूप जगली आणि शेवटपर्यंत लोकांना टाकून बोलली. तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण वैशाखात उतरणीचा दिवस येतो तेव्हा पानोळीतलं प्रत्येक घर आपलं पाण्याचं मडकं मळ्यात नेऊन पुरतं. त्या दिवशी गावात कुणाकडंही गेलात तरी कोमट पाणी मिळतं. नवा जावई असला तरी तेच. तोंड वाकडं केलेलं चालत नाही.

आणि वेल कुठंही असो, पानोळीत असो नाहीतर तिथून चार दिवसांच्या वाटेवरच्या मळ्यात असो, मातीखाली शेंडा घेताना माळी एकच वाक्य बोलतो. बोलल्याशिवाय माती लोटत नाही. तो म्हणतो, "गिरजाक्का, पदर धर."