रोज नवी दाई

एका राज्यात लळा लावायला बंदी होती. खोटे वाटते? राजा वज्रकेतूला एका मांत्रिकाने सांगितले होते, "वारसाला कुणाचा लळा लागला, की सिंहासन डळमळले!" आणि त्या अकलेच्या खंदकाला ते पटले. राजपुत्र जन्मला तसा त्याला राणी हेमांगीच्या कुशीतून काढून बुरुजात ठेवले. रोज पहाटे नवी दाई येई, दूध पाजी, आणि पुन्हा कधी दिसत नसे.

बाळ आधी खूप रडले. मग थांबले.

"पाहा, शहाणा झाला!" राजा मिशांना पीळ देत म्हणाला.

डोंबलाचा शहाणा! बाळाची पावले दगडाची झाली होती. मग गुडघे झाले.

तेव्हा कुठे राजाची झोप उडाली. त्याने सोन्याचा पाळणा घडवला. दगड कमरेपर्यंत चढला. समुद्रापलीकडून मोत्यांचे खुळखुळे आणवले. दगड छातीला भिडला. शेवटी हिमशिखरावरची गाणारी साळुंकी आणली. ती पाळण्याच्या दांडीवर बसली आणि गायलीच नाही.

"गा!" राजा गरजला.

"कुणासाठी, महाराज? रडणे ही लेकराची हाक. ओ देणारे माणूस तुम्ही रोज बदललेत, म्हणून त्याने हाक मारणेच सोडले. दूध कुणीही पाजील. जीव कुणावर टाकायचा त्याने?"

दाराबाहेर राणी रोज बसून असे. तिने हे ऐकले आणि मंत्राने बांधलेले दार मुसळाने फोडले. आडवा आलेला मांत्रिक तिने पायरीवरून ढकलला. मोडलेला मंत्र त्याच्यावरच उलटला, त्याचा कावळा झाला आणि तो ओरडत सीमेपार गेला.

बाळाने तिला ओळखले नाही. ती बसून राहिली. त्याची पापणी हलली तरी म्हणे, "ओ बाळा, इथेच आहे मी." पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिचे बोट धरले. तिसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली, आणि बाळाने असा टाहो फोडला की बुरुजावरची कबुतरे उडाली. दगडाचे टवके गळाले. गुलाबी पाय लाथा झाडू लागले.

राजाने धावत येऊन हात पसरले. बाळाने आईच्या खांद्यात तोंड लपवले.

"मला ओळखत नाही?"

"ओळख द्यावी लागते, महाराज," राणी म्हणाली. "बसा इथे. तो रडला की उठायचे."

राजा मुकुट काढून जमिनीवर बसला. बाळ रडले, राजा उठला. पुन्हा रडले, पुन्हा उठला. आणि सिंहासन? ते जागचे तसूभरही हलले नाही.