लिंबाजीचं माप

एका गावात एक भोळा तरुण होता. नाव लिंबाजी. मोठ्यांचं ऐकावं, एवढंच त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं आणि ते तो इमानाने पाळायचा. गावात बाकी कोणी मोठ्यांचं एवढं ऐकत नसे, म्हणून बाकीच्यांचं बरं चाललं होतं.

त्याला सगुणाआत्याने वाढवलं. तिनेच वरच्या आळीतल्या गणाजीरावांच्या कस्तुराशी त्याचं लग्न ठरवलं. कस्तुरा लिंबाजीला फार आवडायची. तिच्याकडे बघता बघता तो एकदा विहिरीत पडला होता.

गणाजीरावांनी मात्र बजावलं, "जावई कसा आहे ते कळलंय मला. लग्नात जरा जरी घोळ झाला, तर लेक परत घेऊन जाईन."

आत्याने लिंबाजीला तांदूळ आणायला पाठवलं. वाण्याने अर्धंमुर्धं माप भरलं. लिंबाजी हसत घेऊन आला.

"अरे ठोंब्या, माप दाबून, हलवून, वर शीग लावून घ्यावं!"

"आधी सांगायचं ना, आत्या."

"आता सांगितलं ना!"

मग तो तेल आणायला गेला. माप दाबलं, गदागदा हलवलं. तेलाला काही शीग लागेना. "ओता, ओता," तो तेल्याला म्हणत राहिला. तेल धोतरातून चपलेत उतरलं.

"अरे मेल्या, बोटभर कमी घ्यावं आणि तोंड फडक्याने बांधावं!"

"आधी सांगायचं ना, आत्या."

दुसऱ्या दिवशी शिंपी लग्नाच्या सदऱ्याचं माप घ्यायला आला. लिंबाजीने तोंड फडक्याने बांधलं आणि गुडघे वाकवून बोटभर कमी झाला.

"ताठ उभे राहा की, पाव्हणं."

"उं उं," लिंबाजी म्हणाला.

सदरा बेंबीच्या वरच थांबला. आत्याने कपाळ बडवलं. "अरे, वाढत्या अंगाचं माप द्यावं! ढगळ झालं तर चालतं."

"आधी सांगायचं ना."

मग नवरीच्या बांगड्या. कासाराने विचारलं, "हात केवढा?"

"वाढत्या अंगाचा," लिंबाजी ऐटीत म्हणाला.

बांगड्या कस्तुराच्या खांद्यापर्यंत चढल्या. तिने हसत हसत एक वासराच्या गळ्यात घातली. तिथे ती झकास बसली.

"अरे देवा!" आत्या म्हणाली. "माप जमलं नाही, तर वस्तू गुपचूप जिथली तिथे परत करावी. दुसरी मागावी. बदलून देतात!"

"हे बरं झालं कळलं," लिंबाजी म्हणाला.

लग्न लागलं. एकही घोळ नाही. आत्याचा जीव भांड्यात पडला. आता उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवायचं, नवरीने ते उजव्या पायाने लवंडायचं आणि घरात यायचं.

"लिंबाजी, जा, माप भरून ठेव."

लिंबाजीला या वेळी सगळं आठवलं. वाढत्या अंगाचं म्हणून त्याने पाण्याचा मोठा हंडा घेतला. तांदूळ मुसळाने दाबले. वर शीग लावली. तोंड फडक्याने करकचून बांधलं.

कस्तुराने पाय लावला. हंडा हलला नाही. तिने लाथ मारली.

"आई गं!"

हंडा तिथेच.

"बाजूला सरकवा की तो," कस्तुरा म्हणाली.

"गप! नवी नवरी बोलत नसते," एक म्हातारा म्हणाला.

"माप लवंडल्याशिवाय आत यायचं नाही. रीत आहे," दुसरा म्हणाला.

मग रीत नक्की काय आहे यावर सगळे म्हातारे भांडायला लागले. नवरी अंगठा धरून दारात उभी.

लिंबाजीला कळलं, हा घोळच होता. आता गणाजीराव येणार. मग त्याला आत्याचा शेवटचा धडा आठवला आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने कस्तुराचा हात धरला आणि मागच्या बोळातून गुपचूप वरच्या आळीत गेला.

गणाजीरावांनी दार उघडलं. समोर लेक आणि जावई.

"मामा, तुम्हाला यायचा त्रास नको, म्हणून मीच परत आणली," लिंबाजी म्हणाला. "हिला माप जमलं नाही. दुसरी द्या. जरा वाढत्या अंगाची."