वाकाचा दोर

मंडळी, एक विचारतो. जीव अडला असताना भरवसा कुणावर टाकाल? ज्याला सगळं येतं त्याच्यावर, की जो आधी आपलं ऐकून घेतो त्याच्यावर? घाईने उत्तर देऊ नका. आधी भिवराची गोष्ट ऐका.

फार जुना काळ. डोंगरपट्टीतल्या एका राज्यात भिवरा नावाची सुईण होती. हाताला मोठं यश. राणीने तिला डोंगरातल्या पाड्यावर धाडलं, कारण तिथे बायका बाळंतपणात दगावत होत्या. परक्या बाजारात माल उतरवण्याआधी तिथलं माप कसं चालतं ते शहाणा माणूस बघून घेतो. भिवराने बघितलं नाही.

पहिलीच बाळंतीण सुकरी. झोपडीत आढ्याला वाकाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा, दोर टांगलेला, तो धरून सुकरी उकिडवी बसलेली, भोवती बायका. भिवरा म्हणाली, "ही काय जत्रा भरवलीय? चला, बाहेर व्हा!" सुकरीला तिने उताणं निजवलं. काळपट दोर ओढून काढून चुलीत घातला. मुलगा झाला, धडधाकट झाला. भिवरा खूश.

पण त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. वाटेत भेटलेल्या बायका हसायच्या आणि पुढे जायच्या.

एके दुपारी सुकरीच दारात आली. काखेत लेकरू, डोळे लाल.

"माझी बहीण देवली ओहोळापलीकडे ऐनाच्या झाडाखाली गेलीय बाळंत व्हायला, तुला कळू नये म्हणून. मूल आडवं आहे. पाड्याची जुनी सुईण मंगळी आजी, तिनेही हात टेकलेत."

"मग मला आधी का नाही बोलावलं?"

"आताही कुणी बोलावलं नाही. मी आपली आलेय. बहीण आहे माझी."

भिवराने पिशवी उचलली आणि ती दारातच थांबली. "सुकरे, माझं काय चुकलं गं?"

"तो दोर माझ्या आईने वळायला घेतला होता. ती गेली, तेव्हा पाड्यावरच्या एकेकीने त्यात पेड घातला. तो हातात असला की सगळ्या धरून आहेत असं वाटतं. तू तो जाळलास, सगळ्यांना हाकललंस. मी एकटी पडले."

"पण मूल तर वाचलं!"

"वाचलं. म्हणून तर तुझ्यावर कुणी ओरडलं नाही."

भिवरा ओहोळाकडे पळत सुटली. पण ऐनाच्या झाडापासून थोडी लांबच उभी राहिली. फांदीला नवा दोर बांधलेला, देवली त्याला लोंबकळून कण्हत होती.

"येऊ का?" भिवराने विचारलं.

मंगळी आजीने वळूनही पाहिलं नाही. "कशाला? चुलीला सरपण कमी पडलं होय?"

"चुकलं माझं, आजी. जवळ यायची तुमची रीत काय, ते सांगा."

आजीने वाकाची एक जुडी तिच्याकडे फेकली. "दोराच्या शेपटाला एक पेड घाल. मग ये."

भिवराने पेड घातला. तो लगेच उसवला. "राणीची सुईण म्हणे! याला तर शेळीसुद्धा बांधलेली राहायची नाही," आजी म्हणाली, आणि कळा देता देता देवलीलाही हसू फुटलं. दुसऱ्यांदा मात्र पेड बसला.

"आता हात धू," आजी म्हणाली, "आणि सांग, काय करायचं?"

"देवलीला दोर सोडायला लावू नका. तुम्ही पाठीमागून आधार द्या. मी मूल फिरवते."

मूल फिरवायची कला आजीकडे नव्हती. देवलीचा जीव शांत करायची भिवराकडे नव्हती. उन्हं कलली तेव्हा ओहोळाकाठी पोर रडली. देवली वाचली.

पुढे पाड्यावर कुणाला कळा सुरू झाल्या की एक बाई आजीकडे धावायची, दुसरी भिवराकडे. बायका दगावणं कमी झालं. राणीने जेव्हा जेव्हा नवी सुईण धाडली, तेव्हा तेव्हा भिवराने तिला आधी बायकांमध्ये नुसतं बसवलं. "औषधाची पिशवी कोपऱ्यात ठेव," ती म्हणायची, "आणि विचार."

तात्पर्य एवढंच: ज्यांचं भलं करायला जायचं, त्यांची रीत त्यांनाच विचारून घ्यावी, मग आपल्या विद्येला हात घालावा.

आणि मंडळी, तुम्ही शिकवायला जा, औषध द्यायला जा, कुठेही जा, पण एक हिशेब मनाशी चोख ठेवा: किती सांगितलं, आणि त्याआधी किती विचारलं. त्यात खोट घालू नका.